भातोडीचा चिखल पटावर आणताना

१६२४ साली नगरजवळच्या भातोडीत मलिक अंबरने तलावाचं पाणी सोडलं आणि मोगल-आदिलशाही फौज चिखलात रुतवली. ही लढाई कुणालाही संगणकावर खेळता यावी, तिचा कोडही सर्वांना खुला असावा, म्हणून आम्ही सहा जण नगरात रविवारी जमू लागलो. पगार कुणालाच नव्हता. तीन वर्षांत जे शिकलो ते सांगतो.

१. आधी डाव पुरा व्हावा. आम्ही आठ महिने बुरूज, तोफा आणि हत्ती रंगवत बसलो. शेवटी चित्रं बाजूला ठेवली. षटकोनी घरांचा पट, दोन रंगांच्या सोंगट्या आणि एकच नियम: ओल्या घरात शिरायला तिप्पट चाल. त्या रात्री पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, "अजून एक डाव लावू."

२. हौसेने आलेल्याला हुकूम सोडता येत नाही. आमची निम्मी मुलं इंजिनिअरिंगची. सबमिशन आलं की महिनाभर दिसत नसत. शत्रूच्या चाली ठरवणारा सगळा भाग मी एकाच मुलावर सोपवला होता. तो नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याचा कोड आम्हाला उलगडेना. चार महिन्यांचं काम पुन्हा केलं. तेव्हापासून एका बैठकीत संपेल एवढंच काम द्यायचं आणि प्रत्येक भाग दोघांना ठाऊक हवा, हे ठरलं.

३. आलेली दुरुस्ती दोन दिवसांत बघावी. पारनेरच्या एका मुलीने पाठवलेली मी तीन आठवडे उघडलीच नाही. ती परत आली नाही. याची खंत अजून आहे.

४. नियम बदलले तरी जुने साठवलेले डाव उघडले पाहिजेत.

५. इतिहास कोडमध्ये पुरू नये. डेव्हिड व्हाइट यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या 'बॅटल फॉर वेसनॉथ' या संगणकीय खेळात मोहिमा वेगळ्या, सोप्या भाषेत लिहिता येतात; प्रोग्रॅमर असण्याची गरज नाही. त्यावरून आम्हीही चाल, चारा, पाणी यांचे आकडे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये काढले. मग इतिहासाचे एक निवृत्त शिक्षक येऊ लागले. चिखलात घोडदळ पायदळापेक्षा जास्त अडकेल, असं म्हणून त्यांनी आकडा स्वतःच बदलला. आता मोगलांकडून खेळणारा दरवेळी हरतो. त्यालाही जिंकायची वाट ठेवावी की नाही, यावर सर आणि मुलं गेले तीन रविवार भांडताहेत, आणि सगळे वेळेवर हजर असतात.