दहिवलीच्या पावसात वाजणारी बेल कशी निवडाल?

गेल्या आषाढात गॅसवाला आमच्या फाटकावर दोनदा येऊन परत गेला. आई घरातच होती, स्वयंपाकघरात. त्याने बेल दाबली, हाकाही मारल्या, पण पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. संध्याकाळी मी फाटकावरचं बटण काढून त्याचं झाकण उघडलं. आत पाण्याचा थेंब होता, सेलच्या स्प्रिंगवर हिरवट कीट चढली होती आणि एका कोपऱ्यात मुंग्यांनी पांढरी अंडी घातली होती. बेल घेऊन जेमतेम आठ महिने झाले होते. खोक्यावर मात्र ‘वॉटरप्रूफ’ असं ठळक छापलेलं होतं.

त्यानंतर नवीन बेल घेताना बरीच चौकशी केली, चार प्रकारच्या बेल हाताळून पाहिल्या. कर्जतच्या दहिवलीत, आणि मुद्रे, गुंडगे, भिसेगावातही, नवी घरं आणि बंगले वाढत आहेत. फाटक एकीकडे, राहतं घर दुसरीकडे अशी रचना पुष्कळ ठिकाणी आहे. अशा घरांत राहणाऱ्यांना ही माहिती उपयोगी पडेल. किमती मी पाहिल्या तेव्हाच्या, अंदाजे आहेत. दुकानागणिक त्या थोड्या इकडेतिकडे होतील.

आधी एक प्रश्न स्वतःला विचारा: आपल्याला वायरलेस बेल खरंच हवी आहे का? फ्लॅट असेल आणि बिल्डरने दाराच्या चौकटीपर्यंत बेलची वायर आणून ठेवली असेल, तर अडीचशे-तीनशे रुपयांची साधी ‘डिंगडाँग’ घ्या आणि विषय संपवा. तिला सेल लागत नाही, अंतराची अडचण नाही, दहा-दहा वर्षं चालते. अशा घरात वायरलेसवर खर्च करायचं कारण मला दिसत नाही.

फाटकाची गोष्ट मात्र वेगळी आहे. आपल्याकडच्या साध्या बेलच्या बटणातून घरातलीच २३० व्होल्टची वीज जाते. ते बटण लोखंडी फाटकावर किंवा उघड्या खांबावर लावलं आणि झडीचं पाणी आत शिरलं, तर ओल्या हाताने बेल दाबणाऱ्याला धक्का बसू शकतो. बेल दाबणारा बहुतेक वेळा पाहुणा, पोस्टमन नाहीतर शेजारचं लहान मूल असतं. वायरलेसच्या बटणात ३ किंवा १२ व्होल्टचा इवलासा सेल असतो, किंवा सेलच नसतो. त्यामुळे उघड्यावरच्या फाटकासाठी वायरलेस हाच सुरक्षित पर्याय. शिवाय फाटकापासून घरापर्यंत वीस मीटर वायर, केसिंग-पट्टी आणि वायरमनची मजुरी धरली तर साध्या बेलचा खर्चही हजार-दीड हजारावर जातो.

आता वायरलेसकडे. बाजारात मुख्यतः तीन तऱ्हा मिळतात. पहिली सर्वांत खपणारी: बटणात सेल, घरातला रिसीव्हर सॉकेटमध्ये. किंमत साधारण ४०० ते ९०० रुपये. दुसरीत बटण आणि रिसीव्हर दोन्ही सेलवर चालतात, किंमत जवळपास तेवढीच. तिसऱ्या तऱ्हेच्या बटणात सेल नसतोच. बटण दाबलं की आतलं चुंबक तारेच्या गुंडाळीजवळून झटक्याने सरकतं, क्षणभर वीज तयार होते आणि तेवढ्यावर संदेश जातो. ही १,००० ते २,००० रुपयांत मिळते. कॅमेऱ्याची बेल हा आणखी वेगळा प्रकार, त्याबद्दल पुढे.

दुकानदार आधी काय दाखवतो? धून. बावन्न धून, छत्तीस धून, आरत्या, पक्ष्यांचे आवाज. त्यावरून बेल निवडू नका. पहिल्या आठवड्यात घरातली मुलं सगळ्या धून वाजवून बघतील आणि नंतर वर्षानुवर्षं एकच राहील. कर्जत तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. इथे बेल निवडायची ती पाणी, वीज आणि भिंत या तीन गोष्टींवर.

पाण्याचं आधी. ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर जाऊ नका, खोक्यावर ‘आयपी’ या अक्षरांपुढचा आकडा शोधा. त्यातला दुसरा अंक पाण्याचा असतो. ४ म्हणजे कोणत्याही बाजूने उडणाऱ्या शिंतोड्यांना बटण दाद देत नाही, ५ म्हणजे नळीने मारलेल्या पाण्याच्या झोतालाही नाही. छज्ज्याखालच्या दारासाठी आयपी ४४ चालेल. उघड्या फाटकासाठी आयपी ५५ किंवा ६५ च घ्या. आकडाच छापलेला नसेल तर तो माल पावसासाठी नाही असं समजा. शक्य असेल तर दुकानातच बटणाचं झाकण उघडून दाखवायला सांगा. कडेने रबराची बारीक गोल पट्टी दिसली पाहिजे. माझ्या जुन्या बटणात ती नव्हतीच.

आकडा कितीही चांगला असला तरी बटणावर छोटं छप्पर हवंच. प्लास्टिकच्या डब्याचा तुकडा किंवा दोन बोटं पुढे आलेली पत्र्याची पट्टी पुरते. बटण नैऋत्येकडे तोंड करून लावू नका, आपल्याकडे झड तिकडूनच येते. आणि सोबत मिळणाऱ्या चिकटपट्टीवर भरवसा ठेवू नका. जुलैतल्या ओल्या भिंतीवरून ती सुटते आणि बटण खालच्या चिखलात सापडतं. दोन स्क्रू मारा.

दुसरी गोष्ट वीज. सॉकेटमधला रिसीव्हर वीज गेली की मुका होतो, आणि पावसाळ्यात वारं सुटलं की दहिवलीत वीज जाते हे वेगळं सांगायला नको. दुकानात ही गोष्ट कुणी आपणहून बोलत नाही. घरी इन्व्हर्टर असेल तर रिसीव्हर इन्व्हर्टरच्या लाइनवरच्या सॉकेटमध्येच लावा. कोणता सॉकेट त्या लाइनवर आहे ते मेन स्विच बंद करून दोन मिनिटांत कळतं. इन्व्हर्टर नसेल तर सेलवरचा रिसीव्हर घ्या. तो सतत कान लावून असल्यामुळे त्याचे सेल मात्र वर्षातून एकदोनदा बदलावे लागतात.

वीजबिलाची काळजी नको. असा रिसीव्हर साधारण अर्धा वॅट खातो, म्हणजे वर्षाला साडेचार युनिटच्या आत. युनिटला आठ-दहा रुपये धरले तरी वर्षाचे पस्तीस-पंचेचाळीस रुपये. खरा धोका वीज परत येतानाचा असतो. तेव्हा दाब वर-खाली होतो आणि अगदी स्वस्तातले रिसीव्हर त्यात जळतात.

तिसरी भिंत. खोक्यावर दीडशे, दोनशे, तीनशे मीटर असं काहीही लिहिलेलं असतं. ते अंतर मोकळ्या मैदानातलं. अशा बहुतेक साध्या बेल ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर चालतात. त्या लहरी विटांच्या भिंतीतून बऱ्यापैकी जातात, सळईच्या काँक्रीटमधून अडखळत जातात आणि लोखंडापुढे हात टेकतात. लोखंडी सेफ्टी डोअर, पत्र्याची शेड, लोखंडी कपाट, फ्रिज हे सगळे त्यांच्या वाटेतले अडथळे. म्हणून छापलेल्या अंतराचा तिसरा हिस्साच आपला, असं धरून चला. तीस मीटर हवे असतील तर निदान शंभर मीटरवाली घ्या.

स्क्रू मारण्याआधी एक चाचणी जरूर करा. बटण फाटकावर दोरीने बांधा, घराची सगळी दारं लावा, एकाला रिसीव्हरजवळ उभं करा आणि फोन चालू ठेवून दहा वेळा बटण दाबा. दहापैकी दहा वेळा वाजली तरच ती जागा पक्की. नऊ वेळा वाजली तर रिसीव्हर दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून पुन्हा मोजा. बटण लोखंडावर थेट बसवण्याऐवजी मध्ये इंचभर जाडीची लाकडी पट्टी ठेवली तर आमच्याकडे आठाचे दहा झाले.

शेजारच्यांची बेल दाबली की आपली वाजते, ही तक्रारही ऐकू येते. बटण आणि रिसीव्हर एकमेकांशी नव्याने जोडण्याची सोय ज्या बेलमध्ये असते, तिथे हे सहसा होत नाही. दुकानदाराला ती जोडणी समोर करून दाखवायला सांगा. तीच सोय असेल तर पुढे वरच्या मजल्यासाठी तीनशे ते पाचशे रुपयांत दुसरा रिसीव्हरही जोडता येतो. घरात कमी ऐकू येणारं कुणी असेल तर आवाजासोबत दिवा लुकलुकणारा रिसीव्हर बघा. माझ्या आईला त्या दिव्याचाच जास्त उपयोग होतो.

पाच वर्षांचा हिशेब मांडून पाहू. सेलवाल्या बटणाची बेल ६०० रुपये, बटणातला १२ व्होल्टचा सेल वर्षाला एक, पन्नास रुपये दराने चार वेळा २००, विजेचे २०० म्हणजे हजार रुपये. बिनसेलच्या बटणाची १,५००, अधिक विजेचे २०० म्हणजे सतराशे. स्वस्तातली बेल मधल्या काळात एकदा नवी घ्यावी लागली की फरक शंभर रुपयांवर येतो. शिवाय सेल नक्की कधी संपला ते कळत नाही. बेल वाजत नाही, माणूस परत जातो आणि आपल्याला पत्ताच नसतो. बिनसेलच्या बटणाचा एक दोष मात्र सांगितला पाहिजे. ते ‘टक’ असा आवाज येईपर्यंत जोरात दाबावं लागतं. हलक्या हाताने दाबलं तर वाजत नाही. आम्ही वर ‘जोरात दाबा’ असं रंगाने लिहिलं आहे.

घरात लहान मूल असेल तर आणखी एक खबरदारी. काही बटणांत नाण्यासारखा चपटा सेल असतो, सीआर २०३२. तो मुलाने गिळला तर अन्ननलिकेत अडकून थोड्याच तासांत आतून भाजतं. सेलचं झाकण स्क्रूने बंद होणारं असेल तरच असं बटण घ्या आणि वापरलेले सेल उघड्यावर टाकू नका.

कॅमेऱ्याची बेल तीन हजारांपासून दहा हजारांच्या पुढेपर्यंत जाते. मुंबई-पुण्याला राहून शनिवार-रविवारी इथल्या घरी येणाऱ्यांना ती उपयोगाची आहे, फाटकावर कोण आलंय ते तिथून दिसतं. पण वायफाय फाटकापर्यंत नीट पोचलं पाहिजे, राउटर इन्व्हर्टरवर असला पाहिजे आणि बॅटरीची असेल तर ती चार्ज करायला कुणीतरी हवं. चित्रण साठवण्यासाठी महिन्याचे पैसे लागतात का, ते घेण्याआधीच विचारा. कॅमेऱ्याचं तोंड शेजाऱ्यांच्या अंगणाकडे ठेवू नका. रोज राहत्या घराला मात्र साधी बेल पुरेशी आहे असं माझं मत.

माझी निवड सांगतो: उघड्या फाटकाला आयपी ५५ किंवा त्याहून चांगलं बिनसेलचं बटण आणि रिसीव्हर इन्व्हर्टरच्या सॉकेटमध्ये. इन्व्हर्टर नसेल तर सेलवरच्या रिसीव्हरची बेल. चारशेची बेल फक्त छज्ज्याखालच्या दाराला.

खरेदी कर्जतच्या बाजारात करा किंवा ऑनलाइन, बिल घ्याच. खोक्यावर सर्व करांसह किंमत, उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठीचा संपर्क छापलेला असणं कायद्याने बंधनकारक आहे. वॉरंटीत असूनही दुकानदार दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. त्यापुढे अलिबागला जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही.

बेल मे महिन्यात घ्या, म्हणजे पहिल्या वळवात तिची परीक्षा होईल आणि बदलून घ्यायला वेळही हाताशी राहील. आधीपासून लावलेली असेल तर ७ जूनच्या सुमाराला मृग लागतो, त्याआधीच्या रविवारी बटणाचं झाकण उघडून आत एकदा नक्की बघा.