ट्रॅक्टरचें तेल व हवेची वाट

मळणीयंत्र चालवितांना उभा ट्रॅक्टर तापूं लागला म्हणजे पुष्कळ बंधु प्रथम तेल बदलतात. तेल अति तापल्यास पातळ होतें, बेअरिंगांवरील त्याचा थर तुटतो आणि धातूवर धातु घांसून ऐन हंगामांत इंजिन बसतें, हें खरें. परंतु आमच्या मतें मूळ दोष बहुधा हवेच्या वाटेंत असतो.

हवा पाटाच्या पाण्यासारखी आहे. बांध फुटला कीं पाणी पिकाकडे न जातां मोकळ्या वाटेनें जातें. रेडिएटरच्या जाळींत भुसा बसला म्हणजे हवा अडते. कडेचें रबर गेलें अथवा पंख्याभोंवतालचें कडें मोडलें तर पंखा तापलेलीच हवा पुन्हां ओढतो. मग पाणी निवत नाहीं व तेलही तापतें. शर्यतीच्या मोटारींतही तेलाच्या रेडिएटरपर्यंत हवा बंदिस्त नळींतून आणतात, ती याच कारणास्तव.

यास्तव इंजिन निवाल्यावर पंख्याच्या बाजूनें पुढें अशी मंद हवा मारून जाळी झाडावी. जोराच्या झोतानें पातीं वांकतात. फटी बुजवाव्या, पंख्याचा पट्टा सैल राहूं देऊं नये. तेल वरच्या खुणेपलीकडे भरूं नये; घुसळून फेंस येतो व तें अधिकच तापतें. गरम रेडिएटरचें झांकण तर कधींही उघडूं नये. इतकें करूनही कांटा चढला, तरच कारागिरास बोलवावें.