छऱ्याची बंदूक : निवड, निगा आणि नेम

गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुटीपूर्वीं आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील मला भेटावयास शाळेंत आले. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर त्यांनीं मूळ मुद्दा काढला. "सर, मुलानें छऱ्याच्या बंदुकीचा ध्यास घेतला आहे. जेवतांनाही दुसरा विषय नाहीं. घेऊन द्यावी कीं नको, तें तुम्हीच सांगा."

प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. 'द्या' म्हणावें, तर उद्यां शेजारच्या मुलाच्या डोळ्याची जबाबदारी माझ्यावर यावयाची. 'नको' म्हणावें, तर मुलगा कोणा मित्राची बंदूक मिळवून गच्चीवर चोरून चालविणार. आणि चोरून केलेल्या गोष्टींत शिकविणारा कोणी नसतो. त्या दिवशीं मीं त्यांस थोडक्यांत उत्तर दिलें. तेंच येथें विद्यार्थ्यांसाठीं व पालकांसाठीं सविस्तर देत आहें.

१. यंत्राची रचना

आपल्याकडे सामान्यतः मिळते ती बंदूक नळी मोडून भरावयाची असते. तिच्यांत दारू नसते. नळीच्या मागें एक पोलादी नळकांडें असतें. त्यांत एक दट्ट्या आणि दट्ट्याच्या मागें जाड स्प्रिंग बसविलेली असते. नळी बिजागरीवर खालीं मोडली म्हणजे तिला जोडलेला दांडा दट्ट्यास मागें लोटतो, स्प्रिंग दबते, आणि चापाची खिटी दट्ट्यास अडकवून ठेवते. मग नळीच्या मागच्या तोंडांत छर्रा बसवावयाचा आणि नळी मिटावयाची.

पुष्कळांची समजूत अशी असते कीं, नळी मोडतांना आंत हवा भरली जाते. तसें नाहीं. मोडतांना आपल्या दंडाची शक्ति स्प्रिंगेंत सांठते, एवढेंच. हवा दाबली जाते ती चाप ओढल्यानंतर. दट्ट्या सुटतो आणि सुमारे सेकंदाच्या शंभराव्या भागांत पुढची हवा एका बारीक छिद्रांतून छऱ्यामागें कोंबतो. सायकलच्या पंपाच्या तोंडाशीं बोट धरून जोरानें पंप मारून पाहा. पंप तापलेला लागेल. एकदम दाबलेली हवा अशीच तापते. बंदुकींत तर ती इतकी तापते कीं, आंत तेल गेलें असल्यास तें पेट घेतें. मग मोठा आवाज होतो, धूर येतो, आणि छर्रा दर वेळीं निराळ्या वेगानें जातो. मुलांस हा आवाज आवडतो. परंतु त्यानें दट्ट्याचें टोपण जळतें आणि स्प्रिंग तुटते.

दुसरी गोष्ट धक्क्याची. दट्ट्या पुढें धांवूं लागला कीं न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणें बंदूक मागें सरते. आणि दट्ट्या दाबलेल्या हवेच्या उशीवर अडला कीं बंदूक पुढें झटका घेते. ही हालचाल छर्रा नळींत असतांनाच सुरू होते. म्हणून ही बंदूक स्वस्त असली तरी नेमास अवघड आहे; आणि म्हणूनच ती शिकविणारी चांगली आहे. हातांतील लहानशी चूकही ती लपवूं देत नाहीं.

२. निवड कशी करावी

प्रथम कायदा. २०१६ च्या शस्त्रनियमांप्रमाणें, जिची नळी ४.५ मिलिमीटरहून, म्हणजे '१७७ नंबरा'हून मोठी नाहीं आणि जिच्या छऱ्याची शक्ति २० ज्यूलहून अधिक नाहीं, अशा हवेच्या बंदुकीस परवाना लागत नाहीं. खरेदी पालकांनीं स्वतः, स्वतःच्या नांवें, ओळखीचा दाखला देऊन व पावती घेऊन करावी.

आतां २० ज्यूल म्हणजे किती, तें आपल्या पुस्तकांतील सूत्रानें पाहूं. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमानाचा वेगाच्या वर्गाशीं गुणाकार करून त्याची निमपट. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदास १८० मीटर वेगानें सुटला, तर त्याची ऊर्जा ८.१ ज्यूल होते. तोच छर्रा सेकंदास सुमारे २८३ मीटर वेगानें गेला, तर ती २० ज्यूल होते. दुकानदार खोक्यावरील वेगाचा मोठा आंकडा दाखवून बंदूक विकतो. त्या आंकड्यास भुलूं नये. जागतिक स्पर्धेंतील दहा मीटरच्या बंदुकीचा छर्राही सेकंदास सुमारे १७५ मीटरच वेगानें जातो. आणि तेथें निशाणाच्या मध्याचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. कागदास भोंक पाडावयास जोर लागत नाहीं, स्थिरता लागते. जास्त जोराची स्प्रिंग म्हणजे जास्त धक्का, आणि जास्त धक्का म्हणजे कमी नेम.

दुकानांत पुढील गोष्टी मुलाकडून करून पाहाव्या. दस्त्याची मागची बाजू कोपराच्या आंतल्या वळणाशीं टेकविली असतां बोटाचें पहिलें पेर चापावर सहज पोंचावें. न पोंचल्यास दस्ता लांब आहे. नळी मोडतांना मुलाचें अंग वांकडें होऊं लागलें, तर ती बंदूक त्याच्यासाठीं नव्हे. खांद्याशीं धरून वीस अंक मोजेपर्यंत नळीचें टोंक लटपटूं लागलें, तर ती जड आहे. मग नळी मिटून हातानें बाजूस हालवून पाहावी. बिजागरींत किंचितही खेळ असतां कामा नये. नळीच्या मागच्या तोंडाशीं हवा अडविणारी जी वाटोळी चकती असते ती अखंड असावी. नवशिक्यास दुर्बीण नको. पुढची माशी आणि मागची खांच यांवरच प्रथम शिकावें. शिवाय, या बंदुकीच्या दुहेरी धक्क्यानें साधी दुर्बीण लवकरच निकामी होते. पुढें घ्यावयाचीच झाली तर खास अशा बंदुकीसाठीं केलेली घ्यावी.

३. निगा आणि जुळवणी

नवी बंदूक घरीं आल्यावर पहिलें काम म्हणजे नळी पुसणें. कारखान्यांतील तेलकट थर नळींत राहिलेला असतो. मऊ कापडाच्या चिंध्या दोरीनें मागच्या तोंडाकडून ओढून, चिंधी स्वच्छ निघेपर्यंत नळी पुसावी. नंतर दस्त्याचे सर्व स्क्रू पाहावे. धक्क्यानें ते ढिले होतात, आणि नेम बिघडला असें वाटून मुलगा माशी फिरवीत बसतो. दर पन्नास-साठ छऱ्यांनंतर स्क्रू तपासण्याची संवय लावावी.

बिजागरीस वंगणाचा एक थेंब पुरे. हवेच्या छिद्रांत तेल कधींही सोडूं नये. त्याचें कारण वर आलेंच आहे. चापाचा स्क्रू फिरवून चाप हलका करतां येतो, पण केसासारखा हलका चाप मुलाच्या हातांत देणें म्हणजे अपघातास निमंत्रण होय. आंतली स्प्रिंग बदलणें किंवा तिला वंगण लावणें हें घरचें काम नव्हे. दाबून बसविलेली स्प्रिंग सुटली तर तोंड फोडील. तें काम साधन असलेल्या जाणत्या कारागिराकडूनच करवावें. आणि जोराची स्प्रिंग घालण्याचा मोह धरूं नये, कारण तसें केल्यानें २० ज्यूलची मर्यादा ओलांडली जाऊं शकते.

खरी जुळवणी छऱ्यांची आहे. प्रत्येक नळीस एखादाच छर्रा मानवतो. दोनतीन प्रकारचे छर्रे थोडे थोडे आणावे. बंदूक उशीवर टेकवून दहा मीटरांवरून प्रत्येक प्रकारचे पांच पांच छर्रे एकाच ठिपक्यावर मारावे. भोंकें मध्यावर पडलीं कीं बाजूस, हें तूर्त पाहूं नये. एकमेकांजवळ किती पडलीं, तेंच पाहावें. ज्याचीं भोंकें सर्वांत जवळ पडलीं, तो छर्रा कायमचा. मग मागची खांच सरकवून तीं भोंकें मध्यावर आणावीं. नियम सोपा आहे : छर्रा ज्या बाजूस न्यावयाचा, त्या बाजूस मागची खांच सरकवावी.

४. नेम

बंदूक आंवळून धरूं नये. डाव्या तळहातावर ती नुसती ठेवावी, खांद्याशीं हलकेच टेकवावी, आणि तिचा धक्का तिला घेऊं द्यावा. प्रत्येक वेळीं हात त्याच जागीं, गाल त्याच जागीं. श्वास अर्धा सोडून थांबावें आणि चाप हळूहळू दाबीत जावा. छर्रा गेल्यावरही दोन अंक मोजेपर्यंत माशीवरून नजर काढूं नये. 'लागला का?' म्हणून जो मान वर करतो, त्याचा छर्रा नळींत असतांनाच वांकडा होतो.

महाराष्ट्रांतील मुलामुलींनीं या विद्येंत मोठें नांव मिळविलें आहे. अंजली भागवत यांनीं २००० सालीं सिडनी ऑलिंपिकची अंतिम फेरी गांठली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० सालीं म्यूनिक येथें विश्वविजेत्या झाल्या. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ सालीं कैरो येथें दहा मीटरच्या एअर रायफलमध्यें विश्वविजेता झाला. आणि कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनें २०२४ सालीं पॅरिसला कांस्यपदक जिंकलें. स्पर्धेंतील आजच्या बंदुका दाबून सांठविलेल्या हवेच्या, निराळ्या व महाग असतात. पण श्वास, चाप आणि नजर यांचा धडा तोच.

५. सर्वांत महत्त्वाचें

आतां एक गोष्ट सांगतों. ती सांगतांना मला अजूनही अवघड वाटतें. मी तेरा वर्षांचा असतांना सुटींत मामांच्या गांवीं गेलों होतों. तेथें घरांत छऱ्याची जुनी बंदूक होती. अंगणांतील दगडी ओट्यावर एक साळुंकी येऊन बसली. मीं नेम धरला. साळुंकी उडाली, आणि छर्रा ओट्याच्या काळ्या दगडावर आपटून उलटा आला. माझा धाकटा भाऊ माझ्या बाजूस उभा होता. त्याच्या भुवईखालीं रक्त आलें. डोळा बोटभर अंतरानें वांचला. तो व्रण आजही आहे. आणि तो हंसला कीं मला आधीं तोच दिसतो.

वडिलांनीं मला मारलें नाहीं. त्यांनीं मामांकडून ती बंदूक मागून आणली आणि वर्षभर कुलपांत ठेवली. पुढच्या सुटींत स्वतः काढली, जुन्या गोधड्या भरलेलें एक खोकें भिंतीशीं ठेवलें, त्यावर कागद लावला, दहा मीटर मोजले, आणि माझ्या शेजारीं बसून मला पहिल्यापासून शिकविलें. जें मीं वर लिहिलें, त्यांतील बहुतेक त्या महिन्यांत मीं शिकलों.

म्हणून हे नियम पाठ करावे. बंदूक भरलेली आहे असेंच नेहमीं समजावें. तिचें तोंड माणसाकडे, जनावराकडे कधींही करूं नये. निशाणामागें जुन्या कपड्यांनीं गच्च भरलेलें खोकें असावें; आपल्या मराठवाड्याचा काळा पत्थर छर्रा परत पाठवितो. नेम धरणाऱ्यानें व जवळ उभे राहणाऱ्यानें डोळ्यांवर चष्मा घालावा. छर्रा भरतांना नळी दुसऱ्या हातानें घट्ट धरावी. ती मोडलेली असतांना चाप ओढला गेला, तर नळी उसळून बोटें चेंगरतात. रिकामी बंदूक झाडूं नये; छऱ्याचा अडथळा नसला कीं दट्ट्या जाऊन टोंकावर आदळतो. छर्रे शिशाचे असतात, म्हणून हात धुतल्यावांचून खाऊं नये. बंदूक आणि छर्रे निरनिराळ्या कुलपांत असावे, आणि किल्ल्या मोठ्यांजवळ.

आणि पांखरांवर नेम धरूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें वन्य पक्ष्यांची शिकार हा गुन्हा आहे. परंतु कायदा नसता तरी मीं हेंच सांगितलें असतें. आपल्या शहरांत दिल्ली दरवाज्याजवळ सलीम अली सरोवर आहे. ज्यांचें नांव त्यास दिलें, त्या सलीम अलींनीं मुंबईस खेतवाडींत असतांना लहानपणीं छऱ्याच्या बंदुकीनें एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हें विचारावयास तो मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटींत गेला. तेथें मिलर्ड साहेबांनीं त्यास पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखविला, आणि त्या दिवसापासून त्याच्या आयुष्यास निराळी दिशा लागली. पुढें १९३१-३२ सालीं त्यांनीं हैदराबाद संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी केली. तेव्हां आपला जिल्हा त्याच संस्थानांत होता. १९८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रास त्यांनीं त्या पडलेल्या चिमणीचेंच नांव दिलें. एका चिमणीच्या मरणानें त्यांस डोळे दिले. आपणांस तोच धडा तिला न मारतां शिकतां येतो. एकही चिमणी ज्याच्या नजरेआड पडत नाहीं, त्या पित्याचीं आपण लेकरें आहों.

तर त्या पालकांस मीं काय सांगितलें? मीं म्हणालों, "बंदूक आणा, पण तिच्याबरोबर तुमची रविवारची दुपारही मुलाला द्या. ती देतां येत नसेल, तर बंदूक आणूं नका." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दुपार देणें बंदुकीपेक्षां महाग आहे, सर." पण त्यांनीं ती दिली. परवां त्या मुलानें मला एक कागद आणून दाखविला. पांच भोंकें होतीं, आणि तीं सर्व एका रुपयाच्या नाण्याखालीं झांकत होतीं. कागदाच्या कोपऱ्यांत वडिलांच्या अक्षरांत तारीख घातलेली होती.

विद्यार्थ्यांसाठीं प्रश्न

(१) सेकंदास १८० मीटर वेगानें आडवा सुटलेला छर्रा दहा मीटर जाईपर्यंत किती खालीं येईल? हवेचा विरोध सोडून द्यावा. (उत्तर : सुमारे दीड सेंटिमीटर.)

(२) वीस मीटरांवर तो दुप्पट न येतां चौपट कां खालीं येतो?

(३) स्प्रिंगेंत सांठलेली सर्व शक्ति छऱ्यास कां मिळत नाहीं? ती कोठें कोठें खर्च होते, तें सांगा.