मानवशास्त्र? मग पुढे काय?

‘मला मानवशास्त्र शिकायचंय’ असं मुलानं किंवा मुलीनं जाहीर केलं, की घरात प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. हे नेमकं असतं काय? नोकरी कुठे मिळते? जंगलात, पाड्यावर जाऊन राहावं लागतं म्हणे? सगळे प्रश्न रास्त आहेत. मात्र उत्तरांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. नुसती पदवी घेऊन कुणी मानवशास्त्रज्ञ होत नाही. लोकांमध्ये दीर्घकाळ राहून, त्यांच्या कलानं घेत तो घडतो. हे राहणं ज्याला मानवत नाही, त्यानं प्रवेशाआधीच विचार करावा. ज्याला मानवतं, त्याच्या आईवडिलांनी फार धास्तावू नये.

विषय थोडक्यात

मानवशास्त्राच्या चार मुख्य शाखा आहेत. जैविक शाखेत माणसाचं शरीर, उत्क्रांती, आनुवंशिकता आणि पोषण यांचा अभ्यास होतो. सामाजिक-सांस्कृतिक शाखा नातीगोती, जात, धर्म आणि आर्थिक व्यवहार पाहते. तिसरी शाखा पुरातत्त्वाची आणि चौथी भाषेची. हा विषय फक्त आदिवासींचा, ही समजूत आता जुनी झाली. कारखाने, रुग्णालयं, झोपडपट्ट्या, शेअर बाजार अशा सगळ्या ठिकाणी मानवशास्त्रज्ञ जाऊन बसतात. शाखा कुठलीही असो, फील्डवर्क कुणाला चुकत नाही.

फील्डवर्क म्हणजे नेमकं काय करायचं?

पाहायचं, विचारायचं, लिहायचं आणि पुन्हा विचारायचं. गावातल्या लग्नाचं उदाहरण घ्या. पाहुणा म्हणून गेलेला माणूस जेवून येतो. अभ्यासकाच्या वहीत मात्र आहेराची यादी असते: कुणाला पूर्ण पोशाख, कुणाला टॉवेल-टोपी, कुणाला नुसता नारळ. मामाचा मान कुठे होता, कोण रुसलं, कुणी समजूत काढली, कुठली पंगत आधी उठली. घरी येऊन रात्री सगळं तपशिलात उतरवायचं, कारण सकाळपर्यंत निम्मं विसरलेलं असतं. दुसऱ्या दिवशी त्याच मामाला गाठून विचारायचं, ‘रुसण्याचं कारण काय हो?’ तो एक कारण सांगतो, त्याची बायको दुसरंच. दोन्ही लिहून ठेवायची. असे दहा-बारा लग्नसोहळे वहीत उतरले, की मानपानामागचा नियम दिसू लागतो आणि तो मोडला की काय होतं तेही कळतं.

इरावतीबाईंचा रस्ता

हा रस्ता कसा असतो, हे मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांच्याकडे पाहून समजतं. जन्म 1905 चा, ब्रह्मदेशातला, शिक्षण पुण्यात. मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली त्या समाजशास्त्र शिकल्या आणि मग डॉक्टरेटसाठी बर्लिनला गेल्या. त्यांच्या जर्मनीला जाण्याला सासऱ्यांचा विरोध होता. सासरे कोण, तर स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेले महर्षी धोंडो केशव कर्वे! पती दिनकरराव पाठीशी उभे राहिले, म्हणून त्या जाऊ शकल्या. तेव्हा आजच्या पालकांना भीती वाटत असेल तर त्यात कमीपणा वाटून घेण्याचं कारण नाही.

बर्लिनमध्ये त्यांना विषय मिळाला तो मानवी कवट्यांचा. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंत जो फरक असतो, त्याचा वंशाशी संबंध आहे का? मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराचे होते. मोजमापं मात्र असा संबंध दाखवत नव्हती, आणि इरावतीबाईंनी प्रबंधात तेच लिहिलं. हाती आलेली माहिती गुरूच्या मताविरुद्ध गेली तरी माहितीच्या बाजूनं उभं राहायचं, हा या व्यवसायातला पहिला धडा.

1939 पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. तिथून गावोगाव फिरून त्यांनी माणसांची मोजमापं घेतली, वंशावळी उतरवल्या, नात्यांचे शब्द गोळा केले. 1953 साली त्यांचा भारतातल्या आप्तसंबंधांवरचा ग्रंथ आला. महाराष्ट्रातल्या अनेक जातींत मुलाला मामाची मुलगी चालते, आत्याची चालत नाही. आपण हे ‘आमच्यात असंच असतं’ म्हणून सोडून देतो. इरावतीबाईंनी त्यात उत्तर आणि दक्षिण भारताच्या पद्धतींची सरमिसळ पाहिली आणि महाराष्ट्राला त्या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात ठेवलं. त्या पंढरीच्या वारीतही चालल्या. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा वारकऱ्यांच्या पंगती वेगळ्या बसतात हे त्यांनी पाहिलं, त्याचा त्रास करून घेतला आणि तो लिहिलाही. अभ्यासक स्वतः त्याच समाजातला असतो, तेव्हा त्याचा अनुभव हेसुद्धा साधन बनतं.

जळालेल्या नोंदी

दुसरं नाव एम. एन. श्रीनिवास यांचं. तेही घुर्यांचेच विद्यार्थी. 1948 साली ते म्हैसूरजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. पुस्तकात त्यांनी त्या गावाला ‘रामपुरा’ हे नाव दिलं. गावच्या मुखियानं त्यांना राहायला दिलेली जागा ‘बैलांचं घर’ म्हणून ओळखली जायची. पुढे अनेक वर्षं त्यांनी त्या नोंदींवर काम केलं. 1970 मध्ये ते अमेरिकेत स्टॅनफर्डला असताना तिथल्या संस्थेला कुणीतरी आग लावली आणि तयार नोंदींच्या तिन्ही प्रती जळाल्या. मग त्यांनी आठवणींच्या आधारे त्या गावावर पुस्तक लिहिलं. ते 1976 साली प्रसिद्ध झालं आणि आजही वर्गावर्गांत वाचलं जातं. श्रीनिवास त्या गावात मुक्कामाला राहिले होते, म्हणूनच हे जमलं. दोन दिवसांत प्रश्नावल्या भरून परतणाऱ्याला असं पुस्तक लिहिता आलं नसतं.

व्हेरियर एल्विन तर ऑक्सफर्डला इंग्रजी साहित्य आणि धर्मशास्त्र शिकलेले. मानवशास्त्राचं रीतसर शिक्षण त्यांनी घेतलं नव्हतं. मध्य भारतातल्या आदिवासींमध्ये वर्षानुवर्षं राहून ते अभ्यासक झाले. आज मात्र पदवीशिवाय नोकरीचा अर्जही करता येत नाही, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये.

शिक्षणाचा रस्ता

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात मानवशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. पदवीपासूनच हा विषय हवा असेल तर दिल्ली विद्यापीठासारखे पर्याय आहेत; तिथला बी.एस्सी. ऑनर्स हा विज्ञान शाखेतला अभ्यासक्रम असून प्रवेश सीयूईटीतून होतो. कोलकाता आणि हैदराबादलाही जुने, नावाजलेले विभाग आहेत. नोकरी करत शिकायचं असेल तर इग्नूचा पर्याय आहे. पदवीला समाजशास्त्र, प्राणिशास्त्र, इतिहास किंवा भूगोल घेऊन पुढे एम.ए. किंवा एम.एस्सी.ला मानवशास्त्राकडे वळणारेही पुष्कळ असतात. पात्रतेचे नियम बदलत राहतात, त्यामुळे त्या त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा; क्लासवाल्याच्या सांगण्यावर विसंबू नका.

पोटापाण्याचं काय?

आधी कटू भाग. सरकारी जागा मोजक्या आहेत, प्रकल्पांवरच्या नेमणुका बहुधा कंत्राटी असतात आणि पहिली काही वर्षं पगार बेताचा राहतो. इंजिनीअर झालेल्या मित्राशी तुलना करत बसणाऱ्याला इथे चैन पडणार नाही.

आता संधी. 1945 साली स्थापन झालेल्या भारतीय मानववैज्ञानिक सर्वेक्षणाचं मुख्यालय कोलकात्यात आहे आणि एक प्रादेशिक केंद्र नागपुरात. पुण्यात राज्य सरकारची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. भोपाळच्या राष्ट्रीय मानव संग्रहालयासारख्या संग्रहालयांतही काम असतं. 2013 च्या भूसंपादन कायद्यानं बहुतेक प्रकल्पांसाठी सामाजिक परिणामांचा अभ्यास सक्तीचा केला. तिथे गावात बसून माहिती काढणारी माणसं लागतात. या कामाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. कोयना धरणानं उठवलेल्या लोकांची पाहणी इरावतीबाई आणि त्यांची कन्या जाई निंबकर यांनी केली होती. याखेरीज सार्वजनिक आरोग्य, वनहक्कांचं काम करणाऱ्या संस्था आणि ग्राहकांच्या सवयी समजून घेणाऱ्या कंपन्या आहेत. अध्यापनासाठी नेट किंवा सेट लागते. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत मानवशास्त्र हा 500 गुणांचा वैकल्पिक विषय आहे, पण फक्त त्यासाठी या विषयात दोन वर्षं घालवू नका.

पालकांच्या मनातली भीती

विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी एकट्याला कुणी पाड्यावर सोडत नाही. सुरुवातीला शिक्षकांसोबत गटानं क्षेत्रभेटी होतात. एकट्यानं राहणं पुढे संशोधनाच्या टप्प्यावर येतं, तेही आधी जाऊन ओळख करून आणि गावाची संमती घेऊन. राहण्याची, औषधपाण्याची आणि संपर्काची सोय काय, हे विभागाला बेधडक विचारा. चांगला विभाग या प्रश्नांवर चिडत नाही. मुलगी आहे म्हणून अडवू नका. घरातल्या बायकांचं बोलणं, बाळंतपणाच्या रीती, चुलीपाशी होणारे निर्णय यांपर्यंत पुरुष अभ्यासकाला सहसा पोहोचता येत नाही.

प्रवेशाआधीची चाचणी

कल ओळखायला महागडी कलचाचणी कशाला? मुलाला एक वही द्या आणि महिनाभर एक जागा निवडू द्या: आठवडे बाजार, एसटी स्टँडवरचं कॅन्टीन, सोसायटीतल्या कामवाल्या मावशींची सकाळ, घरातलं एखादं लग्न. अटी तीन. परवानगीशिवाय कुणाचं नाव लिहायचं नाही. स्वतःचं मत वेगळ्या पानावर. आणि एकाच माणसाशी निदान तीनदा बोलायचं, कारण पहिल्या भेटीत लोक आपल्याला आवडेल तेच सांगतात.

महिन्यानंतर वही उघडा. अक्षर बघू नका, प्रश्न बघा. ‘भाजी महाग झाली’ एवढंच लिहिलं असेल तर दुसरा विषय शोधलेला बरा. ‘ही बाई रोज एकाच व्यापाऱ्याकडून माल का उचलते, उधारी कुणाच्या शब्दावर मिळते’ असं विचारलं असेल, तर लेकराला या विषयाचा वास लागलाय. मग जवळच्या विभागात जाऊन तिथल्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांशी तासभर बोला आणि अर्ज भरा. वही कोरी राहिली तरी तोटा काही नाही. निदान एका वर्षाची फी वाचली.