एकाच अक्षराची गाणी कशी शोधावीत?

प्रश्न : एकाच अक्षराने सुरू होणारी लोकप्रिय मराठी गाणी कशी शोधावीत?

उत्तर : मराठी गाण्याला सहसा वेगळे शीर्षक नसते, ध्रुपदाचे पहिले शब्द हीच त्याची ओळख. त्यामुळे आधी ध्रुपद पक्के करावे. आरंभीचा आलाप किंवा श्लोक धरू नये.

नंतर अकारविल्हे सूची पाहावी. ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळावर अशी सूची मिळते. जोडाक्षर त्याच्या पहिल्या व्यंजनाखाली लागते. म्हणून ‘श्रावणात घन निळा’ आणि ‘शुक्रतारा’ ही दोन्ही गाणी ‘श’मध्येच येतात. दोन्ही मंगेश पाडगावकरांची आणि श्रीनिवास खळे यांनी संगीतबद्ध केलेली आहेत. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ मात्र काही सूच्यांत ‘क’ व ‘ज’खाली, तर काहींत अगदी शेवटी असतात, दोन्ही जागा तपासाव्यात.

यादी लांबली तर गीतकार, संगीतकार किंवा चित्रपटानुसार चाळणी लावावी. ‘गीतरामायणा’सारख्या 56 गीतांच्या संचाची अनुक्रमणिका कथाक्रमाने असते, ती अक्षरानुसार स्वतः मांडून घ्यावी.

‘ळ’ने मराठी शब्द सुरू होत नाही, ‘ण’नेही जवळजवळ नाहीच. अंताक्षरीत त्यांच्याऐवजी ‘ल’ आणि ‘न’ घेता येतात.