सम्राटाच्या नावाने मिळणारी डॉक्टरेट

अभ्यास, परीक्षा किंवा प्रबंध नसताना केवळ कर्तृत्वाचा गौरव म्हणून विद्यापीठ जी पदवी देते, ती मानद पदवी. तिचे सर्वांत जुने ज्ञात उदाहरण पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातील ऑक्सफर्डचे आहे. ती पदवी मिळालेला लायोनेल वुडव्हिल राजा चौथ्या एडवर्डचा मेहुणा होता. वशिल्याचा संशय या प्रथेला जन्मापासूनच चिकटलेला आहे. तरीही देणारे विद्यापीठ खरे असेल तर सन्मानाला मोल असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठाने १९५२ मध्ये मानद एलएल.डी. दिली. त्यांची तिथलीच १९२७ ची पीएच.डी. मात्र प्रबंध लिहून मिळवलेली होती.

प्राचीनतेचा मोह नामवंत विद्यापीठांनाही आवरला नाही. सम्राट दुसरा थिओडोसियस याने इसवी सन ४२३ मध्ये बोलोन्याचे विद्यापीठ स्थापले, असे सांगणारी सनद तेराव्या शतकात पुढे आली. ती बनावट होती. आज सांगितले जाणारे १०८८ हे सालही कोणत्या स्थापनापत्रातले नाही. १८८८ मध्ये आठवी शताब्दी साजरी करायची होती, तेव्हा कवी जोस्वे कार्दुच्ची यांच्या समितीने ते ठरवून घेतले. पॅरिसने शार्लमेनला संस्थापक मानले. ऑक्सफर्डच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने राजा आल्फ्रेडचे नाव लावून १८७२ मध्ये चक्क हजारावा वाढदिवस केला, वास्तविक त्याची सुरुवात १२४९ मध्ये वारलेल्या विल्यम ऑफ डरहॅमच्या देणगीतून झाली. पण या सर्व ठिकाणी वर्ग भरत होते, परीक्षा होत होत्या. खोट्या सनदेवाचून त्यांचे काही अडत नव्हते. ज्या संस्थेजवळ सनदेखेरीज दाखवण्यासारखे काहीच नाही, तिची गोष्ट वेगळी.

अशा संस्था रोमन किंवा बायझंटाईन सम्राटांचा वारसा सांगतात तेव्हा इतिहासातला एक खरा धागा त्यांच्या हाती असतो. पवित्र रोमन साम्राज्याचे सम्राट काही मानकऱ्यांना ‘काउंट पॅलेटाइन’ हा किताब देत आणि त्यासोबत डॉक्टर करण्याचा अधिकारही देत. अशा आयत्या डॉक्टरांकडे विद्यापीठातली मंडळी तेव्हाही तुच्छतेने पाहत. बायझंटाईन सत्ता १४५३ मध्ये संपली, पवित्र रोमन साम्राज्य ६ ऑगस्ट १८०६ रोजी विसर्जित झाले, आणि सम्राटाने दिलेला अधिकार सम्राटाबरोबरच गेला. याउलट कँटरबरीचे आर्चबिशप आजही पदव्या देतात, कारण १५३३ चा इंग्लंडचा कायदा त्यांच्या पाठीशी आहे. नालंदेचे उदाहरण आणखी जवळचे. प्राचीन महाविहाराशी गुप्त सम्राट कुमारगुप्ताचे नाव जोडलेले आहे. परंतु आजच्या नालंदा विद्यापीठाची पदवी चालते ती संसदेच्या २०१० च्या कायद्यामुळे.

भारतात पदवी कोणी द्यावी हे विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ च्या कलम २२ ने ठरवले आहे : केंद्र वा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था. संस्था नोंदणी, न्यासाची नोंदणी किंवा कंपनीचे प्रमाणपत्र यांतून हा अधिकार येत नाही. नियम मोडल्यास दंड हजार रुपयांपर्यंतच आहे, त्यामुळे कायद्याच्या धाकावर विसंबण्यात अर्थ नाही. आयोग बनावट विद्यापीठांची यादी मात्र प्रसिद्ध करतो.

फसलेल्यांचा अनुभव बहुतेक एकाच क्रमाने जातो. ओळख ना पाळख, अचानक निवडपत्र येते. त्यात कामाची भरपूर स्तुती असते. नेमके कोणते काम, ते नसते. मग नोंदणी, झगा-टोपी, भोजन अशा नावांनी रक्कम मागितली जाते आणि हॉटेलच्या सभागृहात समारंभ उरकतो. पैसे भरण्याआधी संस्थेला पदवीदानाचा अधिकार देणाऱ्या कायद्याचे नाव व वर्ष लेखी मागावे, आणि संस्था परदेशी असल्यास तिच्या देशाच्या शिक्षण खात्याकडे थेट विचारावे. उत्तरादाखल पुन्हा वंशावळच आली, तर पत्रव्यवहार तिथेच थांबवावा. पदवी आधीच स्वीकारली असेल तर ती नोकरीच्या अर्जातून, लेटरहेडवरून आणि दाराच्या पाटीवरून काढावी. खऱ्या विद्यापीठाची मानद डॉक्टरेटही शैक्षणिक अर्हता म्हणून दाखवता येत नाही. ‘मानद’ हा शब्द तिच्यासोबत लिहावा.