एक युनिट वीज : किती कोळसा, किती पाणी?

बजाजनगरात दिवेलागण झाली तरी शेजारच्या वाळूज औद्योगिक वसाहतीची धडधड थांबत नाही. घरोघरी दिवे, पंखे, टीव्ही सुरू होतात आणि नेमक्या याच वेळी छपरांवरची सौरपटले निकामी झालेली असतात. मग ही वीज येते कोठून? वर्गात हा प्रश्न विचारला की ‘परळीहून’ असे उत्तर हमखास मिळते.

हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. परळीचे औष्णिक केंद्र, चंद्रपूरचे त्याहून मोठे केंद्र, कोयनेची जलविद्युत, तारापूरची अणुवीज या साऱ्यांचे एकच विद्युतजाल आहे. एकाच हौदात अनेक नळ सोडावेत तसे हे होते. तुमच्या घागरीत कोणत्या नळाचे पाणी आले, हे सांगता येत नाही. मात्र २०२३-२४ मध्ये देशात निर्माण झालेल्या विजेपैकी सुमारे तीन चतुर्थांश वीज कोळशापासून मिळाली. म्हणजे चारांतले तीन दिवे कोळशावर, असे ढोबळमानाने म्हणता येईल.

बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथ येथे ३० मेगावॅटचा पहिला संच १९७१ मध्ये सुरू झाला. पुढे २१० मेगावॅटचे संच आले. जुने संच आता निवृत्त झाले असून २५० मेगावॅटचे तीन संच उरले आहेत. मराठवाड्यात कोळशाची खाण नाही. सारा कोळसा बाहेरून आणावा लागतो.

कोळसा पिठासारखा दळून हवेच्या झोताबरोबर बाष्पकात फुंकतात. तेथे पाण्याची सुमारे ५४० अंश सेल्सिअस तापमानाची वाफ होते. ती टर्बाइन मिनिटाला ३,००० फेरे फिरवते. सेकंदाला ५० फेरे म्हणजेच आपल्या विजेची ५० हर्ट्झ वारंवारता! टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ संघनकात थंड होऊन तिचे पुन्हा पाणी होते.

आता गणित करू. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, म्हणजे ३६ लाख ज्यूल. अशा केंद्राची कार्यक्षमता सुमारे ३५ टक्के धरू. म्हणजे एका युनिटसाठी सुमारे १०३ लाख ज्यूल उष्णता हवी. आपल्याकडच्या कोळशातून किलोमागे साधारण १५० लाख ज्यूल उष्णता मिळते. भागाकार केला की उत्तर येते सुमारे ७०० ग्रॅम. त्यातून पाव किलो राख उरते आणि सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. कोळशापेक्षा वायूचे वजन जास्त कसे, असे पुष्कळ जण विचारतात. कार्बनच्या प्रत्येक १२ ग्रॅमला हवेतला ३२ ग्रॅम ऑक्सिजन येऊन चिकटतो, हे विसरू नका.

३५ टक्केच का? यात अभियंत्यांचा आळस नाही. ५४० अंश म्हणजे ८१३ केल्विन, संघनकाचे ४० अंश म्हणजे ३१३ केल्विन. कार्नोच्या नियमानुसार या दोन तापमानांमध्ये चालणाऱ्या आदर्श यंत्रालाही ६१ टक्क्यांच्या पुढे फारसे जाता येत नाही. खरे यंत्र त्याच्या बरेच मागे राहते.

उरलेल्या ६७ लाख ज्यूलपैकी काही उष्णता धुराड्यातून जाते. मोठा भाग, समजा ५० लाख ज्यूल, संघनकातील थंड पाणी घेते आणि शीतन मनोऱ्यात त्याची वाफ होऊन ती उडते. एक लिटर पाण्याच्या बाष्पीभवनाला सुमारे २४ लाख ज्यूल लागतात. म्हणजे युनिटमागे दोन लिटर पाणी आकाशात! राख वाहून नेणे वगैरेंचा खर्च वेगळाच. जुन्या केंद्रांसाठी सरकारने २०१५ मध्ये घातलेली मर्यादा युनिटमागे साडेतीन लिटरची आहे.

या हिशेबाने परळीचे तिन्ही संच दिवसभर पूर्ण क्षमतेने चालले तर १ कोटी ८० लाख युनिटे मिळतील आणि पाणी लागेल ६ कोटी ३० लाख लिटर. माणशी शंभर लिटर धरले तर सव्वासहा लाख लोकांची ही तहान. हे पाणी येते गोदावरीवरील खडका बंधाऱ्यातून. फेब्रुवारी २०१३ मध्ये दुष्काळाने बंधारा आटला आणि परळी केंद्र बंद पडले. २०१५ मध्ये पुन्हा तीच पाळी आली. लगतच्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. पन्नास वाघिणींची एक गाडी सुमारे २५ लाख लिटर पाणी नेई. परळीला एका दिवसासाठी अशा पंचवीस गाड्या लागल्या असत्या!

मग कोळसा सोडून सूर्यावरच का जाऊ नये? मराठवाड्यात ऊन मुबलक आहे, सौरपटलांना पाणी लागते ते धुण्यापुरते, आणि दिवसाची कामे सौर विजेवर नेण्यास आताच हरकत नाही. अडचण संध्याकाळची आहे. साठवण अजून महाग आहे. शिवाय थंड पडलेला औष्णिक संच पुन्हा पेटवायला कित्येक तास लागतात. त्यामुळे संध्याकाळी लागणारा संच दुपारीही मंद आचेवर ठेवावा लागतो, आणि तेव्हा त्याची कार्यक्षमता आणखी घसरते. माझ्या मते मराठवाड्यात आता कोळशाच्या नव्या संचापेक्षा साठवणीवर खर्च करणे शहाणपणाचे ठरेल, कारण येथे कोळशाआधी पाणी संपते. जुने संच मात्र काही वर्षे लागतीलच.

घरच्या वीजबिलावरील महिन्याची युनिटे पाहा. त्यांना ०.७ ने गुणा, म्हणजे किलोग्रॅममध्ये कोळसा मिळेल, ३.५ ने गुणा, म्हणजे लिटरमध्ये पाणी. दोन्ही आकड्यांचे तीन चतुर्थांश घ्या, कारण बाकीची वीज इतर केंद्रांची. बारा महिन्यांची बिले सापडली तर मे आणि डिसेंबरचे आकडे शेजारी शेजारी लिहून वर्गात आणा.